‘सुटलीस’ या शब्दाची दुरुस्ती

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकवून. सध्या माझं एक अंग बाकीच्या सातांच्या आधी टेकतं आणि उरलेली सात वर तरंगत राहतात, तेव्हा तूर्त नुसता मनापासूनचा नमस्कार समज.) तुझी तब्येत कशी आहे? डावा गुडघा काय म्हणतो? डोंगरावर थंडी पडायला लागली असेल. ती तपकिरी शाल अंगावर घेतेस, की ‘चांगली आहे’ म्हणून अजून पेटीत ठेवून कुडकुडत बसतेस? तुझ्या वेधशाळेतलं वाऱ्याचं यंत्र, पाऊस मोजायचं भांडं, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, सगळं ठीक आहे ना? इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत. म्हणजे एक जण खरोखर मजेत आहे आणि अंगठा चोखते आहे, दुसरा कुठल्या तरी इमारतीत दुरुस्तीसाठी लिफ्टखाली आडवा झाला आहे, आणि तिसरी तुला पत्र लिहिते आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण दोघी सात महिने एकमेकींशी बोललेलो नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मग तूही केला नाहीस, कारण मान ताठ असण्यात आपल्या घरात कोणी कोणाला हार गेलेलं नाही. तेव्हापासून आपला सगळा व्यवहार माझ्या नवऱ्यामार्फत चालला आहे. तू त्याला विचारतेस, बाळ बरं? तो म्हणतो, बरं. तू विचारतेस, ती बरी? तो माझ्याकडे बघतो, मी खिडकीकडे बघते, तो म्हणतो, बरी. हे असं का झालं ते तुला कदाचित ठाऊकच नसेल, आणि मला वाटत होतं की ठाऊक असून तू गप्प आहेस. चूक कोणाची, याची मी आता नीट तपासणी केली आहे (चुका शोधण्याचाच तर पगार घेते मी) आणि ती जिच्याकडे निघाली, तिला मी आरशात रोज बघते. पण चूक कबूल करायच्या आधी मला जरा लांबून धावत यावं लागतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा बस निवांत, चहा घे.

बाळंतपणाचा तिसरा दिवस. नवऱ्याने माझा आणि बाळाचा फोटो काढला आणि मला न दाखवता तुला पाठवून दिला. मी नंतर पाहिला. फोटोत बाळ पार्सलएवढं आहे आणि मी पोस्ट ऑफिसएवढी. थोड्या वेळाने तुझा फोन आला. आधी तुमच्या डोंगरावरचा वारा बोलला, मग बरीच खरखर झाली, आणि मग तुझा आवाज आला, ‘फोटो बघितला. सुटलीस ग बाई!’ आणि फोन कट. बास. नोंदवहीत लिहिल्यासारखं. (इतकी वर्षं वाऱ्याची दिशा दोन अक्षरांत लिहून लिहून तू माणसांशीही तसंच बोलायला लागली आहेस, हे मी तुला पूर्वीही सांगितलं होतं.) आता माझी बाजू ऐक. टाके ठणकत होते, दूध उतरत नव्हतं, बाळ रडत होतं, खोलीत माझ्या माहेरचं कोणी म्हणजे कोणी नव्हतं. सगळ्या जगात माझं म्हणावं असं जे एक माणूस, त्याने फोटो पाहिला आणि मी जाड झाले आहे एवढंच त्याला दिसलं. मी इतकी रडले की शेजारच्या पलंगावरच्या बाईंना भेटायला आलेल्या लोकांनी मला त्यांच्यातलं एक सफरचंद दिलं. नवऱ्याला वाटलं आनंदाश्रू, म्हणून त्याने आणखी एक फोटो काढला.

घरी आल्यावर मी ठरवलं की बारीक व्हायचं. इतकं बारीक व्हायचं की पुढच्या फोटोत ताईला मी सापडता कामा नये. साधन हाताशीच होतं. रजेवर जायच्या आधी छापखान्यात माझ्या टेबलावरून शेवटचं जे पुस्तक गेलं, ते एका आहारतज्ज्ञ बाईंचं अख्ख्या अन्नावरचं पुस्तक होतं. जे जसं उगवतं त्याच्या जितकं जवळ राहून खाता येईल तितकं खायचं, पाकिटातलं, डब्यातलं, चाळून-पॉलिश करून पांढरं केलेलं काही नाही, साखर नाही, मैदा नाही, बिस्कीट तर नाहीच नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे. उपाशी राहू नका, पोटभर खा, पण अख्खं खा, असं त्या बजावून सांगतात. त्या प्रकरणात मी चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, त्यामुळे ते मला अर्धं माझंच वाटत होतं.

पण स्वयंपाक माझ्या हातात नव्हता. माझ्या हातात बाळ होतं आणि ते खाली ठेवलं की अख्ख्या इमारतीला कळायचं. (तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. हुकूम रडून सोडतात, पण अंमलबजावणी ताबडतोब लागते.) म्हणून मी नवऱ्याला सांगितलं की आजपासून या घरात फक्त अख्खं अन्न खायचं. आता लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस म्हणजे सूचना जशी लिहिली असेल तशी पाळणारा माणूस. त्याचं त्यात काही चुकत नाही, नाहीतर लोक चौथ्या मजल्याऐवजी भलतीकडेच पोचतील. पहिल्या दिवशी माझ्या ताटात एक उकडलेलं बीट आलं. एकच, पूर्ण, शेपटीसकट. मी विचारलं हे काय, तर म्हणाला अख्खं आहे. दुसऱ्या दिवशी अख्खा कांदा आणि अख्खं गाजर, त्याच्या पाल्यासह. तिसऱ्या दिवशी त्याने एक लाल भोपळा आणला आणि तो अख्खा मावेल असं पातेलं घरात आहे का, हे शोधण्यात दुपार गेली. पातेलं नव्हतं. शेवटी तो आंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या भांड्याकडे बघायला लागला, तेव्हा मी बाळासकट उठून उभी राहिले आणि चिरलेलं चालतं, असं जाहीर केलं. तो दुखावला. म्हणाला, मग आधी सांगायचं होतंस, मी तीन दिवस सुरीला हात लावला नाही.

पुढे मात्र सगळं रीतसर सुरू झालं. कोंड्यासकट तांदूळ, सालासकट बटाटा, फळ, पालेभाजी, कडधान्य, अंडी, मूठभर दाणे. आणि ताई, भूक! अंगावर पाजणाऱ्या बाईला जी भूक लागते तिला भूक हा शब्द पुरत नाही, दोन काने लावले तरी पुरणार नाही. बाईसाहेब एका बाजूने प्यायला लागल्या की माझ्या पोटात कावळे ओरडायला लागायचे, आणि दुसऱ्या बाजूला लागेपर्यंत डोळ्यांपुढे सबंध बेकरी उभी राहायची. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत, ग्रीसच्या फडक्याखाली, बिस्किटांचा पुडा आहे हे मला वासावरून कळलं. (ग्रीसच्या वासातून बिस्कीट ओळखणारं नाक बाळंतपणानंतरच मिळतं.) मी रोज एकच घ्यायची. तो रोज पुडा बघून स्वतःला दोष द्यायचा की आपण नकळत खातो आहोत, आणि महिन्याभरात तोच दोन किलो उतरला. माझं मात्र काही केल्या उतरेना.

काही केल्या म्हणजे काहीच केल्या. दर रविवारी सकाळी मी न्हाणीघराबाहेरच्या वजनकाट्यावर उभी राहायची, बाईसाहेब खांद्यावर, कारण त्यांना खाली ठेवणं म्हणजे काय ते वर आलंच आहे. मला त्यांच्या आडून काट्याचा आकडा दिसत नाही, म्हणून नवरा गुडघे टेकून वाचायचा. शहात्तर. त्यातून बाळाचे तीन वजा. त्र्याहत्तर. फ्रीजवरच्या कागदावर नोंद. पुढचा रविवार, शहात्तर, वजा तीन, त्र्याहत्तर. सव्वीस रविवार, ताई. सव्वीस वेळा त्र्याहत्तर. मी बिस्कीटचोरी सोडली, त्र्याहत्तर. बाबागाडी ढकलत रोज तासभर चालले, त्र्याहत्तर. नवरा म्हणायचा, अग पण निदान वाढत तरी नाही, आणि मग माझा चेहरा बघून लिफ्टचा एखादा फोन आल्यासारखं करून निघून जायचा. मी त्या कागदाकडे बघून तुझ्यावर चिडायची. मनात म्हणायची, बघ, ताई म्हणाली तशीच राहिले मी.

परवा बाईसाहेबांना लस टोचायला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाई तुझ्यापेक्षाही मोठ्या आहेत, केस पांढरे, हात गरम. बाळाचं वजन करून त्यांनी कार्डावर लिहिलं, सात किलो सातशे. मी तेवढ्यात माझं रडगाणं सुरू केलं, फ्रीजवरचा कागदही पिशवीतून काढून दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं की हे तीन कसले? मी म्हटलं, बाळाचं वजन, घरी सोडताना कागदावर लिहून दिलेलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा बाळाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘बाळ अजून तीनच किलोचं आहे का हो?’

हे कसं झालं ते मी तुला समजावून सांगते, म्हणजे तू आमच्या घराण्याला हसायच्या आधी थोडी थांबशील. लिफ्टच्या रिकाम्या डब्याचं वजन एकदा पाटीवर कोरलं की वीस वर्षं तेच राहतं. नवऱ्याने ते वजा करायची सवय बाळाच्या वजनालाही लावली. आणि मी? छापखान्यातल्या थोरल्या मुद्रितशोधकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की शब्द आपले, आकडे लेखकाचे, आकड्यांना हात लावायचा नाही. नाही लावला. नर्सबाईंनी बाळ नवऱ्याकडे दिलं (ते रडलं, भिंती थरथरल्या) आणि मला एकटीला काट्यावर उभं केलं. अडुसष्ट किलो तीनशे. मग कार्ड उलटून पहिल्या रविवारच्या सुमाराचं बाळाचं वजन बघितलं, साडेचार किलो. म्हणजे तेव्हा मी साडेएकाहत्तर होते. मी तीन किलो दोनशे ग्रॅम उतरले आहे, आणि बाळ तेवढ्यात बरोब्बर तीन किलो दोनशे ग्रॅम वाढलं आहे. काटा हलला नाही कारण घरातलं काही घराबाहेर गेलंच नाही. नर्सबाई म्हणाल्या, हा योगायोग आहे बाई, असं आईचं काढून सरळ बाळाला लागत नाही, उगाच डोक्यात काही घेऊ नका, पोटभर खात राहा, उरलेलंही जाईल सावकाश. मी मान डोलावली, पण मला ते मुळीच पटलेलं नाही. मी तिच्या मांडीवरच्या वळीला हात लावून बघितला आणि म्हटलं, हे माझंच आहे.

आणि मग ते झालं, ज्यासाठी मी इतक्या लांबून धावत आले आहे. आम्ही निघत होतो. दारात दुसऱ्या नर्सने डोकं घातलं आणि आमच्या नर्सबाईंनी तिला सांगितलं की कोपऱ्यावरची शिंपीण सकाळी सुटली. मला त्या शिंपिणीचा इतका कळवळा आला! माझा बाळंतपणाआधीचा झगा तिनेच शिवला होता. मी वळून तणतणले की अहो, नऊ महिने भरलेल्या बाईला असं म्हणतात का, तुम्ही स्वतः बाई असून? मग मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, ‘अहो, सुटली म्हणजे मोकळी झाली. मुलगी झाली तिला. दोघी सुखरूप आहेत.’

ताई, मी तिथेच बाकावर बसले. बारा वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका काढते मी. काना गेला, मात्रा राहिली, लाल शाईने गोल करते. आणि तुझ्या एका शब्दाला दोन अर्थ आहेत हे मला सात महिने दिसलं नाही. तू मला जाड म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस की मी सुटले.

आई माझ्या वेळी सुटली नाही. हे आपण दोघी कधी बोलत नाही, मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तू बारा वर्षांची होतीस आणि बाहेरच्या बाकावर बसली होतीस, एवढंच बाबांनी मला एकदा सांगितलं होतं. मग मला वाटी-चमच्याने दूध पाजणारी तू, न्हाऊ घालणारी तू. मी अशी किडकिडीत की तू रोज शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकायचीस, मला काखेत धरून उचलायचीस, डोळे मिटून अंदाज घ्यायचीस आणि बाबांना ओरडून सांगायचीस, वाढली, आज वाढली! आपल्या घरात वजन वाढणं ही आनंदाची बातमी होती ग. मी ते कशी विसरले? नऊ महिने तू त्या डोंगरावर पावसाचं भांडं मोजत असताना दर दिवशी कुठल्या बाकावर बसली होतीस, हे मला परवा कळलं. आणि तुझा जीव भांड्यात पडला तेव्हा तुझ्या तोंडून जो एक शब्द आला, त्याला मी फोन न उचलून उत्तर दिलं. मला क्षमा कर. दवाखान्याच्या बाकावर काट्याचा आकडा हातात घेऊन मी सवयीने मान वळवली, तुला सांगायला. तिथे छत्र्या अडकवायचा खुंटाळा होता.

मला तुझी फार आठवण येते. घरी जो येतो तो बाळाला बघायला येतो, आणि येऊ देत, ती आहेच बघण्यासारखी. पण बाळाच्या मागे जी उभी आहे तिला उचलून बघणारं आता कोणी नाही.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक देत जा. शाल वापर. बाईसाहेबांचा नमस्कार (पाय वर करून करतात).

तुझी,
धाकटी

ता. क. – हे पत्र नवऱ्याने वाचलं. बिस्किटांचं त्याला आजच कळलं. पेटीला कुलूप आलं आहे.

ता. क. २ – समज, तू त्या दिवशी खरंच जाड याच अर्थाने म्हणाली असलीस, तर मला कधीही सांगू नकोस. मी दुरुस्ती करून पान छपाईला दिलं आहे, आता त्यात बदल होणार नाही.

ता. क. ३ – येत्या एक तारखेपासून मी कामावर जाते आहे. बाळाची सोय झाली आहे, छापखान्याच्या मागच्या गल्लीतच पाळणाघर आहे, मी मध्ये दोनदा जाऊन पाजून येईन. जेवणाचीही सोय आहे, नवरा आता सुरी वापरतो. म्हणजे तुझी इथे काडीचीही गरज नाही. कुठल्याही कामासाठी तू यायला नको आहेस, हे नीट वाच. नुसती ये. मी अडुसष्ट किलो तीनशे आहे, तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही, पण नुसतं काखेत हात घालून डोळे मिटलेस तरी चालेल.

ता. क. ४ – उत्तर तू एका शब्दात देणार हे मला माहीत आहे, म्हणून शब्द मी आधीच तपासून ठेवते आहे. ‘येते’ लिहू नकोस. ‘येते’ आपण जातानाही म्हणतो. आठ वर्षांपूर्वी दारात चप्पल घालताना तू ‘येते ग’ म्हणाली होतीस आणि त्यानंतर तीनदा आलीस. ‘निघाले’ही नको, त्यालाही दोन दिशा आहेत. मी खूप शोधलं. एकच अर्थ असलेला एकच शब्द सापडला, ‘पोचले’. तो मात्र पत्रात लिहिता येत नाही, आमच्या दारात उभं राहूनच म्हणावा लागतो.